फुलझाडांवर घरच्या घरी कलम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंब्या-काजूच्या कलमांबद्दल मराठीत भरपूर माहिती सापडते. अंगणातल्या, गच्चीतल्या फुलझाडांवर कलम कसं बांधायचं हे मात्र फारसं कुणी सविस्तर सांगत नाही, म्हणून हे पान. इथे जास्वंद, चाफा, सोनचाफा, गुलाब, बोगनवेल आणि अडेनियम (जाड बुंध्याचं ‘डेझर्ट रोज’) एवढीच मंडळी आहेत. महिने महाराष्ट्रातल्या हवामानाप्रमाणे दिलेत. थंड देशांत राहणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे.

फांदी रोवली तरी झाड येतं. मग कलमाचा खटाटोप कशाला?

पुष्कळदा खरंच नको. गावठी लाल जास्वंद, पांढरा चाफा, साधी गुलाबी बोगनवेल ही झाडं फांदी रोवून सहज येतात. तिथे कलम करणं म्हणजे हौस.

कलमाची गरज पडते ती चार ठिकाणी. मोठ्या, रंगीबेरंगी फुलांच्या संकरित जास्वंदींची मुळं नाजूक असतात. एका जोरदार पावसाळ्यात कुंडीत पाणी साचलं की त्या जातात, पण गावठी जास्वंदीच्या मुळांवर टिकतात. सोनचाफ्याची फांदी सहसा मुळं धरत नाही आणि बियांपासून केलेलं झाड फुलावर यायला काही वर्षं घेतं. अडेनियमच्या बियांतून आईसारखंच फूल येईल याची खात्री नाही, आणि फांदी रोवली तर तो गरगरीत बुंधा तसा बनत नाही. गुलाबाच्या बऱ्याच जाती स्वतःच्या मुळांवर दमदार वाढत नाहीत.

पाचवं कारण म्हणजे एका झाडावर दोन-तीन रंग हवेत. या पानावर येणाऱ्यांपैकी निम्मे याच कारणाने आलेले असणार, त्यामुळे त्याचं उत्तर खाली वेगळं दिलंय.

खुंट म्हणजे काय आणि काडी म्हणजे काय?

ज्याची मुळं जमिनीत आहेत तो खुंट. ज्याची फुलं हवी आहेत त्या झाडाची आणलेली फांदी ती काडी. फांदीवर जिथून कोंब फुटतो तो डोळा. एकच डोळा काढून बसवला तर त्याला डोळा भरणं म्हणतात.

कोणतं झाड कोणावर धरतं?

जितकं जवळचं नातं तितकी खात्री जास्त. जास्वंदीवर जास्वंद, गुलाबावर गुलाब, चाफ्यावर चाफा, बोगनवेलीवर बोगनवेल यात अडचण नसते. एकाच कुळातली पण वेगळी झाडं कधी जुळतात, कधी नाही. अडेनियमची काडी कण्हेरीवर धरते, दोन्ही एकाच कुळातली आहेत. पण म्हणून जास्वंदीच्या कुळातल्या भेंडीवर किंवा कापसावर जास्वंद बांधून झाड उभं राहील असं नाही. मोगऱ्यावर गुलाब, आंब्यावर चाफा वगैरे जे व्हिडिओंमध्ये दाखवतात ते सरळ सोडून द्या. कापलेली काडी ओलाव्यावर आठ-पंधरा दिवस हिरवी राहते, आणि व्हिडिओ नेमका तेवढ्यातच संपतो.

नावावरून फसू नका. चाफा आणि सोनचाफा यांचं काही नातं नाही. चाफा चिकाचा, कण्हेरीच्या कुळातला. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. एकावर दुसरा धरणार नाही.

नारळ, पाम, बांबू, केळ?

नाही. कलम जुळायला सालीखाली वाढणाऱ्या पेशींचा सलग थर लागतो. या झाडांत तो नसतोच.

आत नेमकं काय जुळतं?

फांदीची साल नखाने खरवडली की खाली हिरवट, ओलसर, बुळबुळीत पापुद्रा दिसतो. साल आणि लाकूड यांच्या मधला हा थर म्हणजे कॅम्बियम. झाडाची जाडी याच्यामुळे वाढते. खुंटाचा हा थर आणि काडीचा हा थर एकमेकांना टेकले, ओले राहिले आणि हलले नाहीत, तर दोन्हीकडून मऊ पेशींचा भरणा होतो. मग त्या भरण्यातून नवा थर तयार होऊन पाणी चढवणाऱ्या आणि अन्न उतरवणाऱ्या नळ्या सांधल्या जातात.

लाकडाला लाकूड चिकटत नाही. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध बसवू नका. एका कडेला सरकवा, म्हणजे निदान एका बाजूला साल सालीला भिडेल. घरच्या कलमांत हीच चूक सर्वांत जास्त दिसते: काडी छान मधोमध, देखणी बसलेली, आणि दोन्ही बाजूंनी उपाशी.

सुरुवात कशापासून करू?

जास्वंदीपासून. लाकूड कापायला सोपं, चीक नाही, काडीला काडी कुठेही मिळते आणि निकाल महिन्याभरात कळतो. गुलाबापासून सुरुवात करायला सांगणारे बरेच भेटतील, पण काटे, बारीक डोळा आणि सालीचा अंदाज हे तिन्ही एकदम नवशिक्याला जड जातं.

सामान काय लागतं?

धारदार पातं, सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), पॉलिथिनची पट्टी, सर्जिकल स्पिरिट आणि एक पेप्सीची पिशवी. पेप्सी म्हणजे मुलं खातात त्या बर्फाच्या कांडीची लांबट पिशवी. रोपवाटिकांमध्ये कलमाला टोपी म्हणून तीच घालतात. रिकाम्या पिशव्यांचं बंडल प्लास्टिकच्या दुकानात स्वस्तात मिळतं.

कलमाचा खास चाकू असला तर उत्तम, नाहीतर नवं दाढीचं पातं किंवा कटरचं पातं चालतं. स्वयंपाकघरातली सुरी मात्र नको, ती कापत नाही, चेंगरते. पट्टी दीड ते दोन सेंटिमीटर रुंद आणि वीतभर तरी लांब हवी. जाड, स्वच्छ पॉलिथिनची पिशवी कापूनही पट्टी होते. सेलोटेप नको, ओल लागली की सुटतो, आणि काढताना साल घेऊन येतो.

मध, हळद, कोरफड, मुळं फुटायची पावडर, यातलं कापावर काय लावू?

काहीही नाही. मुळं फुटायची पावडर मुळांसाठी असते, इथे मुळं नकोच आहेत. मध आणि कोरफड मधे थर धरतात. खुंटाचा वर उघडा राहिलेला मोठा काप असेल तर त्यावर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा, सांध्यात नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचं प्रमाण. घरी शंभर ग्रॅमचा हिशेब पुरतो. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, लोखंडाच्या नको.

काडी कशी निवडायची?

पेन्सिलीएवढी जाड, दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळे असलेली. अगदी कोवळा शेंडा नको, तो सुकतो. जून, करडं लाकूडही नको, त्याचे डोळे निजलेले असतात. वाकवली की लवते पण मोडत नाही अशी फांदी घ्या. तिच्यावर त्या वेळी कळ्या नसाव्यात.

कलमाचा निम्मा निकाल पुढच्या गोष्टीवर ठरतो आणि नेमकी तीच घाईत राहून जाते. काडी कापायच्या आठ-दहा दिवस आधी, ती झाडावर असतानाच, तिची पानं सिकेटरने छाटा. देठाचा तुकडा राहू द्या. थोड्या दिवसांत देठ आपोआप गळतात आणि त्यांच्या बगलेतले डोळे फुगायला लागतात. टपोऱ्या, अजून न उमललेल्या डोळ्यांची काडी कापायला तयार असते. रोपवाटिकेतला माणूस आंब्यालाही हेच करतो.

शेजाऱ्यांकडून काडी मागायची तर ही पानं छाटायची विनंतीही आधीच करून ठेवा. कापल्यावर काडी ओल्या फडक्यात, फडकं पिशवीत. त्याच दिवशी बांधली तर उत्तम.

जास्वंदीचं पाचर कलम कसं बांधायचं?

खुंट म्हणून गावठी लाल जास्वंदीचं फांदीपासून केलेलं रोप घ्या, कुंडीत नीट रुजलेलं आणि नवी वाढ दाखवणारं. आदल्या दिवशी पाणी द्या. पातं स्पिरिटने पुसा.

जमिनीपासून वीतभर उंचीवर, जिथे खोड काडीएवढं जाड आहे तिथे, खुंटाचा शेंडा आडवा कापा. खालची दोन-चार पानं असू द्या. ती खुंटाला जगवतात. आता कापलेल्या टोकावर मधोमध पातं ठेवा आणि खाली तीन-चार सेंटिमीटर सरळ चीर द्या. पातं दाबून फाडू नका, डुलवत खाली न्या, नाहीतर चीर एका बाजूला पळते.

काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढाच लांब तिरका काप द्या, म्हणजे पाचर होते. काप शक्यतो एका ओढीत घ्यायचा. पुन्हा पुन्हा तासलं की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मधे पोकळ्या राहतात. काप बरोबर आहे का हे बघायला तो पात्याच्या सपाट बाजूला टेकवून उजेडात धरा. मधून उजेड दिसला तर अजून एक पातळ काप. आधी टाकाऊ फांद्यांवर हात बसवा. शेवग्याच्या कोवळ्या फांद्या त्यासाठी छान.

पाचर चिरेत सरकवा, एका बाजूची साल तंतोतंत जुळवा आणि पट्टी चिरेच्या खालून सुरू करून वर गुंडाळत या. मुरगळलेल्या पायाला क्रेप बँडेज बांधतात तशी, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवत, ताणून. वरच्या टोकाला खुंटाचा उघडा काप पूर्ण झाकला गेला पाहिजे. गाठ मारा. काडीवर पेप्सीची पिशवी टोपीसारखी घाला आणि सांध्याच्या खाली सुतळीने बांधा. कुंडी सावलीत ठेवा.

कापण्यापासून गाठीपर्यंत दोन-तीन मिनिटांत व्हायला हवं. कापांना बोट लागू देऊ नका, आणि मधेच फोन घेऊ नका.

टोपी घालायलाच हवी का?

हो. सांधा जुळेपर्यंत काडीला खालून पाणी मिळत नाही, ती स्वतःच्या ओलीवर जगते. टोपीतली दमट हवा ती ओल राखते. टोपी घालून कुंडी उन्हात ठेवली तर मात्र काडी शिजते. कोंब टोपीच्या वरच्या टोकाला लागायला आला की ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी टोपी काढा. एकदम न काढता आधी दोन दिवस वरचं टोक कापून ठेवलं तर अधिक बरं.

कोणत्या महिन्यात?

जास्वंद: जून ते ऑगस्ट, किंवा फेब्रुवारी-मार्च. सोनचाफा: पावसाळा. चाफा: फेब्रुवारी-मार्च, नवी पानं यायच्या तोंडावर. अडेनियम: फेब्रुवारी ते मे, पावसात अजिबात नको. गुलाब: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बोगनवेल: थंडी ओसरताना, फेब्रुवारीच्या आसपास.

कोकणात पावसाळ्यात टोपीशिवायही काड्या टवटवीत राहतात, हवाच तेवढी दमट असते. सोलापूर, जालना, अकोला इथे एप्रिल-मेमध्ये जास्वंद किंवा सोनचाफा बांधणं व्यर्थ आहे.

चाफ्याचा चीक थांबतच नाही. काय करू?

दोन टप्प्यांत कापा. आधी काडी आणि खुंट हव्या त्या उंचीपेक्षा जरा वर कापून चीक गळू द्या, काडीचं टोक पाण्यात धरा, खुंट ओल्या फडक्याने टिपत राहा. धार मंदावली की दोन्हींवर शेवटचा काप घ्या, पुन्हा एकदा टिपा आणि लगेच जोडा. पातं प्रत्येक कापानंतर पुसायचं, नाहीतर त्याच्यावर चिकाचं रबर बसतं.

थंडीत पानं झडलेली चाफ्याची बोडकी फांदी ही आयती काडी आहे, छाटणीची गरजच नाही. चाफ्याचा गाभा मऊ आणि भुसभुशीत असतो, त्यामुळे खुंट आणि काडी शक्यतो सारख्या जाडीचे घ्या. फांदी जड असल्याने बाजूला काठी रोवून आधार द्या. आणि कलम केल्यावर कुंडीला पाणी अगदी बेताने. चाफ्याचं कलम सुकून जाण्यापेक्षा कुजून जाण्याचीच शक्यता जास्त.

चीक कातडीला झोंबतो, डोळ्यात गेला तर फारच त्रास होतो. हातमोजे घाला.

आमच्याकडे सोनचाफ्याचं जुनं झाड आहे. त्याचंच कलम करायचंय.

मग भेट कलम करा. थोडं वेळखाऊ आहे, पण घरच्या माणसासाठी यासारखी खात्रीची पद्धत नाही, कारण जुळेपर्यंत काडी आईच्या झाडावरच असते. आईकडून पाणी येत राहतं, टोपीची भानगड नाही.

बियांपासून केलेलं वर्षभराचं सोनचाफ्याचं रोप पिशवीत हवं. सोनचाफ्याचं बी लवकर निकामी होतं. पिकलेल्या घोसातून काढून, वरचा लाल गर धुऊन, त्याच आठवड्यात पेरा. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की पावसाच्या सुरुवातीला झाडाच्या खालच्या फांदीशेजारी आणा. फांदी उंच असेल तर रोप फळीवर किंवा मजबूत मांडवावर ठेवावं लागतं. फांदी आणि रोप दोन्हींवर समोरासमोर चार-पाच सेंटिमीटर लांब साल आणि पातळ लाकडाची चकती काढा. दोन्ही काप एकमेकांवर टेकवून पट्टीने घट्ट बांधा. वाऱ्याने फांदी हलली की रोप ओढलं जातं, म्हणून दोन्ही एका काठीला बांधून टाका.

रोपाला पाणी विसरू नका. झाडाखाली पाऊस पोचत नाही. दोन-अडीच महिन्यांनी सांधा फुगलेला दिसला की सांध्याच्या खाली फांदीला निम्म्यापर्यंत खाच द्या. आठ-दहा दिवसांनी ती पूर्ण कापा. तितक्याच टप्प्यांत रोपाचा सांध्यावरचा शेंडाही काढा. मग कलम महिनाभर सावलीत. असं कलम कुंडीतही लवकर फुलतं. कोकणातल्या रोपवाटिकांनी बुटका सोनचाफा गच्चीत पोचवला तो कलमांच्याच जोरावर.

गुलाबाचा डोळा कसा भरतात?

खुंटावर जमिनीपासून वीतभराच्या आत, जिथे साल गुळगुळीत आहे, तिथे इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर द्यायची. चीर फक्त सालीपुरती. साल हळूच सुटली पाहिजे. सुटत नसेल तर खुंटाला पाणी कमी पडलंय, चार दिवस पाणी देऊन परत या. नुकतीच फुलून गेलेली फांदी घ्या, पान कापा पण देठ ठेवा, आणि देठाच्या बगलेतला डोळा दोन-अडीच सेंटिमीटर लांब सालीसकट ढालीच्या आकारात काढा. मागे लाकडाची चिप्पी आली असेल तर ती सोडवा. देठ चिमटीत धरून ढाल चिरेत वरून खाली सरकवा आणि पट्टी बांधा. डोळा आणि देठ मात्र उघडे ठेवा.

दोन आठवड्यांनी त्या देठाला बोटाने हलका धक्का द्या. टपकन पडला तर डोळा जगला. वाळून चिकटून बसला असेल तर मेला, दुसऱ्या बाजूला नवा भरा. डोळा फुटून चांगली बोटभर वाढ झाली की मगच वरचा खुंट छाटायचा.

पाचर कलम जगलं हे कधी कळतं?

काडी हिरवी आहे एवढ्याने काही कळत नाही. जास्वंदीचे डोळे दोन ते चार आठवड्यांत फुटतात, चाफ्याला याहून वेळ लागतो. पहिली दोन पानं येऊन तीही मान टाकत असतील तर काडी साठवलेल्या अन्नावर फुटलीय, सांधा अजून जुळलेला नाही. टोपी लगेच परत घाला. पानांचा दुसरा थर ताठ आला की जिंकलं. तोवर काडी हलवून बघायचा मोह आवरा.

पट्टी कधी सोडायची?

जास्वंदीला साधारण दीड-दोन महिन्यांनी. खोड फुगून पट्टीच्या कडेला वळ दिसायला लागला की उशीर होतोय. मागच्या बाजूने पात्याने उभी चिरा, उलगडत बसू नका.

आमच्या गुलाबाला पूर्वी मोठी लाल फुलं यायची. आता बारीक गुलाबी झुबके येतात. माती बदलल्यामुळे?

मातीचा काही संबंध नाही. तुमचा गुलाब गेला, उरलाय तो खुंट.

कलम केलेल्या झाडात दोन जीव असतात आणि खुंट जवळपास नेहमीच जास्त दांडगा असतो, कारण त्याच गुणासाठी तो निवडलेला असतो. सांध्याच्या खालून त्याचा एखादा फुटवा आला आणि आपण ‘अरे वा, नवीन फांदी’ म्हणून तो ठेवला की मुळांचं सगळं पाणी तिकडे जातं. वरची काडी रोडावते आणि एखाद्या उन्हाळ्यात वाळून जाते. संकरित जास्वंद ‘गावठी झाली’, रंगीत पानांची बोगनवेल ‘हिरवी पडली’ या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं. (बोगनवेलीत क्वचित काडीतलीच एखादी फांदी मूळ हिरव्या रूपावर उलटते. सांध्याच्या वरून निघालेली हिरवी फांदी असेल तर हे प्रकरण ते, आणि तीही कापायचीच.)

फुटवा ओळखायचा तो कुठून निघाला यावरून. गुलाबात पानावरूनही अंदाज येतो. खुंटाच्या पानात बहुधा सात किंवा जास्त पानुल्या (एका देठावरची छोटी पानं), वरच्या गुलाबात बहुधा पाच. पण हा नियम पक्का नाही, त्यामुळे माती उकरून उगम बघणं बरं. फुटवा कात्रीने वरच्यावर कापला तर खालचे डोळे दुप्पट जोमाने फुटतात. कोवळा असतानाच खाली ओढून मुळापासून उपटा. पहिल्या वर्षी दर आठवड्याला एक नजर टाकायची. कलम बांधणं एका सकाळचं काम आहे. हे राखणं झाड असेपर्यंतचं.

याच कारणासाठी कुंडी बदलताना सांधा मातीखाली पुरू नका.

एकाच झाडावर चार रंग करायचेत. जमेल?

जमेल. जास्वंद आणि बोगनवेल यांच्यावर फार छान जमतं. खुंटाला आधी तीन-चार फांद्या फोडून घ्या, एका खोडावर सगळं रचू नका. प्रत्येक फांदीवर एक कलम. सगळी एकाच दिवशी न करता दोन-दोन करा आणि एक-दोन फांद्या खुंटाच्या स्वतःच्या राखा, म्हणजे झाड पानांवाचून राहणार नाही.

अडचण पुढे येते. चार जातींचा जोम सारखा नसतो. सगळ्यांत दांडगी जात दोन वर्षांत झाड बळकावते आणि नाजूक पिवळी कोपऱ्यात उरते. उपाय छाटणीचा: दांडगीला वारंवार आणि कडक छाटा, नाजूकला जवळपास हातही लावू नका. कलम करतानाच नाजूक जातीला वरची, उन्हाकडची फांदी द्यायची आणि दांडगीला खालची. माझं मत विचाराल तर दोन रंग पुरेत. चार रंगांचं झाड फोटोत छान दिसतं, पण त्याची देखभाल चार झाडांएवढी असते.

मेरी पामर नावाच्या बोगनवेलीवर पांढरी आणि गुलाबी फुलं एकाच वेलीवर येतात. ती कलमाची करामत नाही, जातच तशी आहे. कटकट नको असेल तर ती आणा.

लाल आणि पिवळी जास्वंद एका झाडावर राहिल्या तर केशरी होईल का?

नाही. लाल फांदीवर लालच, पिवळीवर पिवळीच. खुंट वरच्या झाडाचा जोम, उंची, काटकपणा बदलू शकतो, फुलाची जात नाही.

एक नामी अपवाद आहे. 1825 साली पॅरिसजवळ जाँ-लुई आदाम यांच्या रोपवाटिकेत पिवळ्या फुलांच्या लॅबर्नम झाडावर जांभळ्या फुलांच्या एका झुडपाचं कलम केलं होतं. सांध्याजवळून एक विचित्र फांदी निघाली. तिच्या आतला गाभा एका झाडाचा आणि वरचं कातडं दुसऱ्याचं. त्या झाडावर पिवळे, जांभळे आणि मिश्र रंगाचे असे तिन्ही प्रकारचे झुबके येतात, आणि ते आजही कलमांनीच वाढवलं जातं. तिथेही रंग मिसळले नव्हते, दोन झाडांच्या पेशी फक्त थरांनी एकत्र राहत होत्या. जास्वंदीत असं काही घडेल या आशेवर बसू नका.

अडेनियम विषारी आहे म्हणतात. घरी लहान मुलं आहेत.

खरं आहे. अडेनियम आणि कण्हेर दोन्हींच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. हातमोजे घाला, कापलेले तुकडे लगेच कचऱ्यात टाका, पातं वेगळं ठेवा, हात साबणाने धुवा. कुतूहलाने पानं चावणारं मूल किंवा मांजर घरात असेल तर काही वर्षं जास्वंदीवरच हौस भागवा.

कलमाच्या आधी दोन-तीन दिवस आणि नंतर आठवडाभर अडेनियमला पाणी तोडायचं. बाकी पद्धत जास्वंदीचीच.

माझी कलमं सतत वाळतात किंवा काळी पडतात. काय चुकतंय?

काडी वरून खाली सुरकुतत गेली तर ती कोवळी होती, शिळी होती किंवा टोपी सैल होती. सांध्यापासून वर काळी पडत गेली तर आत पाणी शिरलं किंवा पातं अस्वच्छ होतं. काडी फुटली आणि मग गेली, तर थर जुळलेले नव्हते किंवा काडी हलली. काडी हिरवीगार पण महिनोन्‌महिने ढिम्म, तर खुंटाचे फुटवे तिचं पाणी पळवताहेत.

जास्वंदीत अजून एक कारण म्हणजे पिठ्या ढेकूण. काडीच्या डोळ्यांत कापसासारखा पांढरा ठिपका असेल तर टोपीच्या दमट उबेत त्यांची चंगळ होते. काडी बांधण्याआधी ओल्या फडक्याने डोळेन्‌डोळे पुसा. चाफ्याची काडी घेताना त्या झाडाच्या पानांखाली पावसाळ्यात भगवी पूड होती का ते विचारा. तो तांबेरा. एरवी झाड मरत नाही, पण निरोगी झाड मिळत असेल तर ते सोडून तिकडे कशाला जायचं?

सोसायटीतल्या मोठ्या झाडाचा शेंडा उतरवून त्यावर नवीन जात चढवायची आहे.

महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 मध्ये झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं. झाड खासगी आवारातलं आहे ही सबब चालत नाही. कुंडीतल्या जास्वंदीसाठी कुणी विचारायला येणार नाही.

आम्ही अमेरिकेत राहतो. इथे काय करता येईल?

तुमच्याकडचं वेळापत्रक उलटं. हिवाळ्यात झाड पूर्ण निजलेलं असताना, जानेवारी-फेब्रुवारीत, काड्या कापा. ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, पण त्याच कप्प्यात सफरचंदं नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने डोळे खराब होतात. खुंटाचे डोळे वसंतात फुगायला लागले की निजलेली काडी जाग्या खुंटावर बांधायची. शोभेचं क्रॅबॲपल (बारीक फळांचं सफरचंदाचं भावंड) सुरुवातीला सोपं.

तिकडे अंगणांत दिसणारी झुकत्या फांद्यांची चेरी बहुतेक वेळा सरळ खोडावर उंचावर केलेलं कलमच असते. तिच्या डोक्यातून किंवा खोडातून एखादी फांदी सरळ वर निघाली तर ती खुंटाची, काढून टाका.

मग तिकडून येताना जास्वंदीच्या चार काड्या बॅगेत आणू का?

नाही. परदेशातून रोपं, काड्या किंवा बिया आणायला वनस्पती क्वारंटाइन आदेश, 2003 प्रमाणे आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बॅगेतून आलेली एक कीड गावभर पसरते.

इथेच काय कमी आहे? पुण्याजवळ सोरतापवाडी-उरुळी कांचन पट्ट्यात रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. हिवाळ्यात पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये आणि मुंबईच्या राणीच्या बागेत पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे जास्वंद-गुलाबवेडी माणसं भेटतात. छाटणीच्या दिवसांत अशी ओळख असली की काड्या हव्या तेवढ्या.

विकतचं कलम घेताना काय बघायचं?

सांधा बघा. दोन्हीकडची साल एकसंध, थोडी फुगीर हवी. पट्टी अजून असेल तर तिच्याखाली काळेपणा नको. काडीला निदान एक पूर्ण वाढ येऊन पानं पक्व झालेली हवीत, नुसता कोंब असलेलं कलम प्रवासात जातं. सांध्याखाली फुटवे असतील तर विक्रेत्यासमोरच काढायला सांगा. सोनचाफा घेताना विशेष बघा, कारण बियांचं रोपही कलम म्हणून गळ्यात मारलं जातं. सांध्याची खूणच नसेल तर ते कलम नाही. आणि फुलं लागलेलं कलम दिसलं म्हणून भाळू नका. घरी आणल्यावर पहिल्या फुलांच्या कळ्या खुडा, झाडाला आधी मुळं पसरू द्या.